नवस आणि नेम

केस पिकू लागलेल्या माणसाने आपला वेळ कसा घालवावा, याविषयी आपल्या समाजाचे मत केव्हाच कायम झालेले आहे. त्याने मुलांच्या लग्नाची चिंता करावी, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, जमल्यास एखादी तीर्थयात्रा करावी, आणि काहीच न जमल्यास तरुणांस उपदेश करावा. यांपैकी उपदेशाचे काम आम्ही काही वर्षे निष्ठेने करून पाहिले. परंतु त्याचा परिणाम ऐकणाऱ्यावर काही होत नाही, करणाऱ्याचा घसा मात्र बसतो, असा अनुभव आल्यावर तो उद्योग सोडून आम्ही पळू लागलो. 'पळू लागलो' हे शब्द वाचकांनी अक्षरशः घ्यावेत. नाशिकच्या गंगापूर रोडवर आठवड्यातून पाच दिवस, सूर्योदयापूर्वी, आम्ही पळत आलो आहो, आणि या गोष्टीस आता अकरा वर्षे झाली.

नुसते पळणे हा निरुपद्रवी छंद आहे. उपद्रव सुरू होतो तो घड्याळापासून. माणूस पळू लागला की आपण किती वेळात पळतो हे त्यास मोजावेसे वाटते. मोजू लागला की त्या आकड्याची कोठे तरी किंमत व्हावी असे वाटते. अमेरिकेत बोस्टन शहरी १८९७ सालापासून एक मॅरेथॉन शर्यत होत आली आहे, आणि आमच्यासारख्या हौशी धावणाऱ्यांत तिला काशीयात्रेचे माहात्म्य आहे. फरक इतकाच की काशीस वाटेल त्याने जावे, बोस्टनला जाण्यापूर्वी मात्र आपली लायकी दुसऱ्या एखाद्या शर्यतीत सिद्ध करावी लागते. ही अट १९७० साली प्रथम निघाली तेव्हा ती सरसकट चार तासांची होती. आज वयाप्रमाणे निरनिराळ्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषास ३ तास ५० मिनिटे दिलेली आहेत. वयाचा असा मान राखणाऱ्या संस्था अलीकडे दुर्मीळ झाल्या. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० साली काढून घेतली, आणि एस.टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी आम्हांस अजून पाच वर्षे कळ काढावयाची आहे. तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या या मंडळींनी आमच्या साठीची दखल घ्यावी याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटले, आणि ३ तास ५० मिनिटे हा आकडा आमच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

गेल्या जानेवारीत मुंबईच्या शर्यतीत आम्ही तो गाठावयास निघालो, आणि ३ तास ५७ मिनिटांनी पोहोचलो. सात मिनिटे उणी पडली. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, त्या हिशेबाने दर किलोमीटरमागे सुमारे दहा सेकंदांची चूक झाली. दहा सेकंदांत माणसाचा एक पाणउतारासुद्धा धड होत नाही! परंतु ती दहा सेकंदे बेचाळीस वेळा एकत्र आली म्हणजे काय होते, ते आम्ही अंतिम रेषेवर पाहिले. शिवाय ठरलेली वेळ गाठली म्हणजे प्रवेश मिळालाच, असेही नव्हे. अर्ज फार आले तर त्या वेळेहून जे अधिक लवकर पोहोचले असतील त्यांनाच घेतात. २०२५ च्या शर्यतीस ही जास्तीची कसर ६ मिनिटे ५१ सेकंदांची होती. घरी परत आल्यावर हा सर्व हिशेब आम्ही सौभाग्यवतींस समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "अहो, सात मिनिटांसाठी पुन्हा वर्षभर? सात मिनिटे तर तुम्ही रोज चष्मा शोधण्यात घालवता." आम्ही त्या वेळी चष्माच शोधीत असल्यामुळे उत्तर दिले नाही.

जानेवारीच्या शर्यतीची तयारी चैत्रात आरंभावी लागते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते. घराचा रंग दिवाळीत उठून दिसतो, परंतु पाया पावसाळ्यापूर्वी भरावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. वेगाचा सराव भाद्रपदानंतर करावयाचा. परंतु तो सोसणारे पाय, तो पुरविणारे हृदय आणि तो टिकविणारी सवय ही सारी आधीच्या सहा महिन्यांत, सावकाश, मैलामागून मैल घालून तयार करावी लागतात. म्हणून पाडव्याच्या दिवशी आम्ही एक तक्ता तयार केला. मृग नक्षत्र लागेपर्यंत आठवड्यास पन्नास किलोमीटर, रविवारी लांबची दौड, सोमवारी विश्रांती, अशी त्यात व्यवस्था होती. तो तक्ता आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस डकविला. गुढी उभारली होती, कडुनिंबाची चटणी खाल्ली होती, आणि मनात उत्साह मावत नव्हता. चैत्रात उत्साह फुकट मिळतो. त्याची किंमत वैशाखात वसूल होते.

वैशाखात नाशिकचा पारा दुपारी चाळिशीच्या आसपास खेळतो. पहाट त्या मानाने सुखाची असते हे खरे. परंतु ते सुख सहा वाजेपर्यंतचे. एकदा सूर्य वर आला की गंगापूर रोडचे डांबर रात्रभर साठविलेली ऊब खालून देते आणि आकाश वरून. अशा हवेत पळणाऱ्याच्या शरीरात काय घडते, हे समजून घेतल्यावाचून त्याच्या मनात काय घडते ते समजणार नाही. आपण खातो त्या अन्नाच्या शक्तीपैकी जेमतेम पाव हिस्सा पाय हलविण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे पाठविते, आणि स्नायूंच्या वाट्यास ते तितके कमी येते. ही तूट भरून काढण्यासाठी हृदयास अधिक वेगाने चालावे लागते. घामावाटे पाणी जाते, तसतसे रक्तही आटते. अशा रीतीने माघ महिन्यात ज्या श्रमात आम्ही एक किलोमीटर सहा मिनिटांत पळत होतो, त्याच श्रमात वैशाखात पावणेसात मिनिटे लागू लागली. आमच्या मनगटावरचे घड्याळ थेट उपग्रहांशी बोलणारे आहे. त्याने दर किलोमीटरला किणकिण करून ही वार्ता आम्हांस सांगण्याचा सपाटा लावला. श्रम तितकेच करावे, आणि फळ रोज थोडे थोडे घटत गेलेले पाहावे, यासारखी हुरूप मारणारी दुसरी गोष्ट नाही.

तरी पूर्वी हे सर्व आम्ही दोघांनी मिळून सोसले होते. आमचे एक स्नेही आहेत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आमच्याहून चार वर्षांनी मोठे. पहाटे पाच वाजता जेहान सर्कलपाशी भेटावयाचे आणि आनंदवल्ली, सोमेश्वर करीत गंगापूर गावाच्या बाजूस पळत सुटावयाचे, हा आमचा अकरा वर्षांचा परिपाठ. वाटेत बोलणे फारसे होत नसे. ते मनातल्या मनात किलोमीटरचे अपूर्णांक सोडवीत आणि आम्ही त्यांच्या पावलांच्या आवाजावर आपले पाऊल टाकीत असू. गेल्या फाल्गुनात एका रविवारी त्यांस छातीवर दडपण जाणवले. त्या दिवशीच्या तक्त्यात सोळा किलोमीटर लिहिलेले होते आणि बारा झाले होते. उरलेले चार पुरे करून ते घरी गेले, आणि दुपारी त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसविली. देवाच्या दयेने जिवावरचे संकट टळले. परंतु डॉक्टरांनी सांगितले की चालावे खुशाल, पळावयाचे मात्र इतक्यात नाव काढू नये.

यामुळे या वैशाखात आम्ही एकटे पडलो. 'आम्ही एकटे' हा शब्दप्रयोग व्याकरणाच्या दृष्टीने कितपत शुद्ध आहे, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु तो पहाटे पाच वाजता फार खरा असतो. अक्षय्य तृतीया होऊन गेली आणि एके दिवशी गजर वाजल्यावर आम्ही तो बंद करून पुन्हा निजलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखत असल्याचे आठवले. तिसऱ्या दिवशी कोणतेही कारण लागले नाही. आणि याच दिवसाची आम्हांस खरी भीती वाटली. कारण जोपर्यंत माणूस कारणे शोधतो तोपर्यंत त्याचे आपल्या कामाशी काही नाते उरलेले असते. आम्ही त्या दिवशी पंख्याखाली पडून विचार केला की, सात मिनिटे ही काय मोठीशी गोष्ट आहे? बोस्टनला न गेल्याने कोणाचे काय अडणार आहे? हे दोन्ही विचार अगदी निर्दोष होते. त्यांत एकच वैगुण्य होते. ते आम्हांस पाडव्याच्या दिवशी सुचले नव्हते.

हुरूप गेला म्हणजे तो परत आणावा कसा? या बाबतीत जे उपाय सांगतात ते सर्व आम्ही करून पाहिले. थोर धावपटूंची चरित्रे डोळ्यांसमोर आणली, आणि ती आमच्या अगदी जवळची आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथल्या कविता राऊत गंगापूर रोडच्या लगतच, भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर, प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाल्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत दहा हजार मीटरच्या धावण्यात त्यांनी कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. पुढे १२ फेब्रुवारी २०१६ रोजी गुवाहाटीस दक्षिण आशियाई स्पर्धांत मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकून त्यांनी रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळविली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओला, उन्हाच्या प्रहरी झालेल्या शर्यतीत, त्याच पायांना तेच अंतर तोडावयास जवळजवळ तीन तास लागले. हे वाचून आमच्या मनाचे थोडे समाधान झाले. जेथे अशा धावपटूचा काटा वीस मिनिटे मागे सरकतो, तेथे आमची पाऊण मिनिटाची घसरण म्हणजे काही चारित्र्याचा दोष नव्हे!

त्याहूनही मागे जावयाचे तर १९१९ सालच्या पुण्यास गेले पाहिजे. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवास दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. तेथे त्यांनी शेतकरी कुटुंबांतली मुले लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहिली. या मुलांस युरोपातील नियमांची किंवा शास्त्रशुद्ध शिक्षणाची काही माहिती नव्हती. परंतु त्यांच्या वेळा ऑलिंपिकच्या वेळांशी ताडून पाहता त्या चांगल्याच भरल्या, आणि त्यातूनच हिंदुस्थानचा संघ १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जाण्याचे घाटले. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षी शर्यतीचे अंतर आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते, हेही लक्षात ठेवावे. त्यांच्याबरोबर निघालेले सदाशिव दातार यांस ती शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु खरे सांगावयाचे तर आमचे मन वारंवार दातारांकडे जाते. इतक्या दूर जहाजाने जावयाचे, आणि परक्या शहराच्या रस्त्यात कोठे तरी थांबावयाचे! त्या दुपारी त्यांना काय वाटले असेल?

तात्पर्य, थोरांच्या चरित्रांनी आमच्या ज्ञानात भर पडली, परंतु अंथरुणातून आम्ही उठलो नाही. चौथ्या दिवशी पहाटे टेलिफोन वाजला. पलीकडून आमचे स्नेही विचारीत होते, "काय हो, काल सोमेश्वराला पाणी किती होते?" सोमेश्वराच्या देवळाजवळ गोदावरी खडकांवरून उडी घेते; पावसाळ्यात त्या धबधब्यास लोक दूधसागर म्हणतात, आणि उन्हाळ्यात तेथे बहुधा काळे खडक तेवढे वाळत पडलेले असतात. आम्ही म्हणालो, "नेहमीसारखेच." ते म्हणाले, "परवा?" आम्ही गप्प राहिलो. गणिताच्या मास्तरापुढे गृहपाठ न केलेला विद्यार्थी किती वेळ टिकणार? ते इतकेच म्हणाले, "उद्या सव्वापाचला मी नवश्या गणपतीच्या वळणावर उभा राहतो. मला चालायची परवानगी आहे. लिंबूपाणी आणीन."

आनंदवल्लीस गोदावरीच्या काठी हे नवश्या गणपतीचे देवालय आहे. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेले. ज्याच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत गेल्या, त्याच पुरुषाने पुढे पेशवाईची हाव धरून काय मिळविले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. त्या वास्तव्याची आठवण ठेवणाऱ्या या गावावरून पळत जाताना महत्त्वाकांक्षेविषयी दोन शब्द कोणीतरी कानात सांगत असल्याचा आम्हांस नेहमी भास होतो. गणपती तर नवसालाच पावणारा. त्या दिवशी वळणावर पोहोचलो तेव्हा अजून अंधार होता. स्नेही तेथे एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात वही घेऊन उभे होते. आम्ही थट्टेने म्हणालो, "आता इथवर आलोच आहोत, तर सात मिनिटांचा नवस बोलून टाकावा म्हणतो." ते म्हणाले, "बोला की. पण नवसात काम देवानं करायचं असतं. पळायचं काम देवाकडे सोपवलंत, तर तुम्ही पहाटे उठून करणार काय?"

ते सहज बोलले, आणि आम्ही सोमेश्वरापर्यंत त्यावर विचार करीत गेलो. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन स्वच्छ शब्द आहेत. अमुक मिळाले तर मी तमुक करीन, हा नवस. काही मिळो वा न मिळो, मी हे करीन, हा नेम. आम्ही पाडव्याला कपाटावर डकविलेला तक्ता दिसावयास नेमाचा होता, परंतु त्याचा जीव सगळा नवसात होता. सात मिनिटे मिळणार असतील तर आम्ही उठावयास राजी होतो. घड्याळाने ती मिळण्याची चिन्हे दिसत नाहीत असे सांगताच आमचा सौदा फिसकटला. त्यात उन्हाचा दोष नव्हता, घड्याळाचाही नव्हता. जानेवारीतल्या सुखाच्या तारणावर वैशाखात उत्साहाचे कर्ज काढावयाचे, आणि ते पुरले नाही म्हणून पंख्याखाली निजावयाचे, हा व्यवहारच मुळात कच्चा होता. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिकवरून पंढरीस जाते. डोक्यावर ऊन, क्वचित पाऊस, आणि पुढे कित्येक दिवसांची वाट. त्या दिंडीत चालणाऱ्या म्हाताऱ्यांस 'तुमचा हुरूप कसा टिकतो?' असे आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर त्यांस प्रश्नच कळला नसता. त्यांची वारी असते, आणि बरोबर त्यांची दिंडी असते.

त्या दिवसापासून आम्ही तक्ता उतरविला नाही, परंतु घड्याळावर रुमाल बांधू लागलो. किती वेळात गेलो हे पाहावयाचे नाही. श्वास किती लागला, बोलता येत होते की नाही, एवढेच पाहावयाचे. उष्णतेची सवय शरीरास दहा ते चौदा दिवसांत लागते असे म्हणतात, आणि ते खरे ठरले. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. दोन आठवड्यांनंतर तीच चढण, तेच ऊन, परंतु छातीतली धडधड थोडी शहाणी झाली होती. वळणावर लिंबूपाणी मिळे, वहीत नोंद होई, आणि स्नेही चालत देवळाकडे वळत.

परंतु नेमालाही एक दुखणे जडते. ज्येष्ठ लागण्याच्या आधीच्या रविवारी आमच्या तक्त्यात चोवीस किलोमीटर होते. निघावयास उशीर झाला होता. तरी गंगापूर गाव ओलांडून आम्ही पुढे गेलो. आठ वाजून गेले. डोळ्यांपुढे रस्ता किंचित हलू लागला, आणि उन्हातही अंगावर काटा आला. तेथे रस्त्याच्या कडेने द्राक्षबागा लागतात. सारे शिवार उघडे पडलेले असताना त्या तेवढ्या हिरव्या होत्या. एका बागेच्या बांधावर आम्ही मटकन बसलो. बागेचा मालक, चाळिशीचा असेल, धावत आला. त्याने सावलीत नेले, डोक्यावर पाणी ओतले, गुळाचा खडा व पाणी दिले. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, पळायचंच असंल तर थंडीत पळा की. उन्हाळ्यात काय मिळतं?" आम्ही म्हणालो, जानेवारीत शर्यत आहे, त्याची ही तयारी. हे ऐकून तो हसेल अशी आमची अपेक्षा होती. परंतु तो हसला नाही. त्याने वेलीची एक कोवळी काडी दोन बोटांत धरून दाखविली. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "एप्रिलात आम्ही खरड छाटणी करतो. ही काडी त्यानंतरची. आता हिच्यावर तुम्हाला पाल्याशिवाय काही दिसायचं नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीचा घड आत्ता, या उन्हात, या डोळ्यात बसतो. या दिवसांत आभाळ राहिलं तर ऑक्टोबरात छाटणी केली तरी वांझ फुटवा निघतो. मात्र वेलीला ऊन पाहिजे तसं पाणीबी पाहिजे, बाबा. नुसतं ऊन दिलं तर वेलच जाईल."

त्याच्या मोटारसायकलवरून तो आम्हांस नवश्या गणपतीच्या वळणापर्यंत सोडून गेला. स्नेही तेथे तीन तासांपासून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून आमची जीभ टाळ्यास चिकटली. अकरा वर्षांत ते आमच्यावर कधी रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले. "सोळा लिहिले होते म्हणून मी उरलेले चार पुरे केले," ते म्हणाले, "आणि त्याचे काय झाले ते तुम्ही पाहिलेत. कागदावर चोवीस लिहिले म्हणून तुम्ही आज काय करणार होतात? नेम म्हणजे हट्ट नव्हे. नेम उद्यासाठी असतो. आज मेलात तर उद्याचा नेम कोण करणार?" एवढे बोलून ते खाली पाहत राहिले. आपल्या दुखण्याविषयी त्यांनी आमच्याजवळ काढलेला हा पहिलाच उद्गार. आम्हांस उमगले की, आम्ही पुढे पळत जात होतो आणि ते रोज त्या वळणावर उभे राहून, फाल्गुनातल्या त्या चार किलोमीटरांशी एकटेच झगडत होते. आमचा हुरूप टिकावा म्हणून ते येत होते, असे आम्ही इतके दिवस समजत होतो.

तेव्हापासून आमचा तक्ता आम्ही दोघे मिळून करतो. सात वाजल्यानंतर पळावयाचे नाही. पाण्याची बाटली आणि चिमूटभर मीठ घेतल्यावाचून सोमेश्वराच्या पुढे जावयाचे नाही. डोके जड झाले की जेथे असू तेथून चालत परत फिरावयाचे, आणि त्याची नोंद न लाजता करावयाची. या नियमांनी आठवड्याचे पन्नास किलोमीटर बहुधा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच होतात. सात मिनिटे त्यामुळे जवळ आली की लांब गेली, हे सांगता येत नाही. सात मिनिटांची इच्छा आमच्या मनातून गेली, असेही आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. ती इच्छा नसती तर पाडव्याला तक्ताच झाला नसता. नवसाने माणूस देवळाच्या दारापर्यंत येतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु रोज पहाटे येण्याचे काम त्याच्याने होत नाही; ते दुसऱ्याच कोणाकडून करून घ्यावे लागते.

मृगाचा पहिला पाऊस परवा झाला. द्राक्षांच्या काड्या आता तपकिरी पडू लागल्या असतील. जानेवारी अजून दूर आहे, आणि ती काय देणार हे तीच सांगेल. काल आमच्या स्नेह्यांस डॉक्टरांनी तपासले, आणि चालण्याचा वेग थोडा वाढविण्यास हरकत नाही असे सांगितले. त्यांनी त्याविषयी काही चर्चा केली नाही. वळणावर वही उघडून त्यांनी आमच्यापुढे केली. तीत रोजच्या तारखेपुढे हवेचे मान, निघण्याची वेळ, अंतर, आणि सोमेश्वरास पाणी किती, एवढे चार रकाने आहेत. आम्ही लिहिताना स्वतःस 'आम्ही' म्हणतो. ही लेखकाची जुनी खोड आहे आणि तीत कोणी दुसरा असावाच असे नाही. त्यांच्या वहीत मात्र वैशाखातल्या त्या चौथ्या दिवसापासून प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होते. शेवटची ओळ अशी होती: "आपण आज अकरा किलोमीटर. पाऊस. सोमेश्वरास पाणी आले."